गॅस लाइनचा गंज कोण बघतं? सोलापूरच्या एका सोसायटीला दिलेलं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय की समोरच्या रस्त्याला गॅसच्या लाइनीसाठी खोदकाम चालू आहे, सोसायटीत पाइप गॅस घ्यायचं पण चाललंय, तर उद्या ही लाइन गंजून फुटली तर काय? सरकारचा माणूस येऊन कधी तपासतो का? नियम मोडला तर कंपनीला खरंच काही होतं का नुसतं नोटिसांचा खेळ? आणि आम्ही लोकांनी नेमकं काय बघायचं?

माझं सगळं आयुष्य कॅथोडिक प्रोटेक्शनमध्ये गेलंय, म्हणजे जमिनीतल्या लोखंडी पाइपला गंज लागू नये म्हणून जो करंट सोडतात ते काम. तेलाच्या, गॅसच्या, पाण्याच्या, सगळ्या लाइनींवर केलंय. त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. होय, तपासणी होते. पण बहुतेक वेळा पाइपाची होत नाही, रजिस्टरची होते. आता हे चांगलं का वाईट ते रजिस्टर कोण भरतं आणि कोण किती डोळे उघडे ठेवून वाचतं यावर आहे, आणि सगळी गोम तिथंच आहे.

पहिला गोंधळ काढूया. तुमच्या गल्लीत जी पिवळी लाइन गुंडाळीतून उलगडून टाकतात ती लोखंडाची नाहीच, ती एमडीपीई, म्हणजे प्लॅस्टिक. तिला गंज लागत नाही. तिचे शत्रू वेगळे, जेसीबी आणि खराब जोड. गंजाची भानगड आहे ती मोठ्या रस्त्यांच्या कडेनं जाणाऱ्या स्टीलच्या लाइनीला, शहर गॅसमध्ये ती ४९ बारपर्यंत दाबाची असू शकते, आणि दुसरी भानगड तुमच्या बिल्डिंगच्या भिंतीवरून वर चढणाऱ्या जीआय राइझरला, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या उभ्या लोखंडी पाइपला. स्टीलमधून गॅस डीआरएसमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या स्टेशनात येतो, तिथं दाब उतरतो, प्लॅस्टिकच्या जाळ्यात साधारण ४ बार, पुढं १०० मिलिबारच्या आत, आणि तुमच्या शेगडीला येईपर्यंत २१ मिलिबार राहतो. म्हणजे घराजवळ येईपर्यंत दाब एकदम किरकोळ झालेला असतो. पाकणीकडं जाताना शेतात जे पाइपलाइनचे मार्कर दिसतात त्यातली मुंबई-पुणे-सोलापूर लाइन पेट्रोल-डिझेलची आहे, गॅसची नाही, लोक त्यावरनं उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात. गंजाचं शास्त्र मात्र दोन्हीकडं तेच.

आता सरकार म्हणजे कोण. महापालिका नाही. महापालिका रस्ता खोदायला परवानगी देते आणि खड्डा बुजवायचे पैसे घेते, पाइपाच्या आत-बाहेर काय चाललंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. सीएनजी पंपाचे सिलेंडर, कॅस्केड वगैरे पेसोकडं, म्हणजे स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याकडं येतं. लाइनीचा खरा मालक-मास्तर म्हणजे दिल्लीचं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, पीएनजीआरबी, २००६ च्या कायद्यानं आलेलं. त्याचे शहर गॅससाठी तीन नियम लक्षात ठेवा: २००८ चा तांत्रिक आणि सुरक्षा मानकांचा, ज्याला आमच्यात सगळे टी-फोर-एस म्हणतात, २०१० चा आणीबाणीच्या आराखड्याचा, आणि २०१३ चा इंटिग्रिटी मॅनेजमेंटचा, म्हणजे लाइन टाकून झाल्यावर तिची तब्येत आयुष्यभर कशी राखायची त्याचा. गंजाचं सगळं या पहिल्या आणि तिसऱ्यात येतं.

पण मंडळाचे अधिकारी मीटर घेऊन होटगी रोडला फिरत नाहीत हो. मंडळ पॅनेलवर घेतलेल्या त्रयस्थ एजन्सीकडनं ऑडिट करवतं. इंटिग्रिटीच्या नियमात कंपनीचं स्वतःचं ऑडिट दरवर्षी आणि बाहेरच्या एजन्सीचं दर ३ वर्षांनी. आणि त्या बाहेरच्या एजन्सीचं बिल कोण भरतं? कंपनीच. यात काही बेकायदेशीर नाही, सगळ्या जगात बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, पण ज्याचं मीठ खातो त्याच्याच ताटात खडा दाखवायचा म्हटल्यावर भाषा आपोआप मऊ होते. 'नॉन-कम्प्लायन्स' च्या जागी 'ऑब्झर्वेशन' येतं, 'ऑब्झर्वेशन' च्या जागी 'सजेशन' येतं. चांगले ऑडिटर पण पाहिलेत मी, तोंडावर सांगणारे. पण ते माणसावर राहतं, व्यवस्थेवर नाही.

आता ऑडिटर काय बघतो ते कळायला थोडं शास्त्र लागेल, कंटाळू नका.

स्टीलच्या पाइपवर कोटिंग असतं, हल्ली बहुतेक थ्री-लेयर पॉलिइथिलीन. पण कोटिंग शंभर टक्के कधीच नसतं, कुठंतरी ओरखडा, कुठं जोडावरची स्लीव्ह नीट बसलेली नसते. तिथं माती आणि ओल लोखंडाला लागली की गंज सुरू. म्हणून टीआर युनिटमधून, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरमधून, जमिनीतल्या ॲनोडमार्फत डीसी करंट पाइपवर सोडतात. पाइप मातीच्या तुलनेत पुरेसा निगेटिव्ह राहिला की गंज थांबतो, म्हणजे नाममात्र राहतो. तो आकडा कॉपर सल्फेटच्या हाफ सेलनं, म्हणजे मातीला टेकवायच्या संदर्भ-इलेक्ट्रोडनं मोजतात आणि किमान उणे ०.८५ व्होल्ट पाहिजे. जिथं जिवाणूवाली चिकट कुजकी माती आहे तिथं उणे ०.९५. फार जास्त निगेटिव्ह पण नको, उणे १.२ च्या पुढं गेलं की कोटिंग सुटायला लागतं.

लाइनीवर ठरावीक अंतरावर खांबासारखी पेटी असते, टेस्ट लीड पॉइंट, टीएलपी म्हणतो आम्ही. तिथं वायर बाहेर आणलेली असते, एक टोक मीटरला, दुसरं हाफ सेलला, सेल जमिनीवर, झालं रीडिंग. ऐकायला सोपं. पण मे महिन्यात आपल्या काळ्या रानात घेऊन बघा. जमीन अशी भेगाळलेली की भेगेत मनगट जातं. सेल कोरड्या ढेकळावर ठेवला की मीटर नाचतो, आत्ता ०.६, मग १.४, मग काहीच नाही. मग बाटलीतलं पाणी ओतायचं, चिखल करून बुटानं दाबायचा, सेलचं लाकडी टोक त्यात घट्ट बसवायचं आणि आकडा थांबेपर्यंत उन्हात उभं राहायचं. अर्धी मंडळी तिथंच कंटाळतात.

त्यात दुसरी खोच. टीआर चालू असताना जो आकडा येतो तो 'ऑन', आणि तो खोटा फुगलेला असतो, कारण मातीतून करंट जाताना जो व्होल्टेज पडतो तो पण त्यात मिसळतो. भाजीवाल्यानं तराजूवर हात ठेवून वजन केल्यासारखं आहे ते. हात काढल्यावरचं वजन म्हणजे 'ऑफ' रीडिंग, करंट क्षणभर तोडून त्याच क्षणी घेतलेलं. ऑन उणे १.३५ दाखवणारा पॉइंट ऑफमध्ये उणे ०.७८ निघालेला मी कितीतरी वेळा बघितलाय, म्हणजे कागदावर पास आणि जमिनीत नापास. ऑफ घ्यायला त्या भागावर करंट टाकणारे सगळे टीआर एकाच वेळी तोडणारे इंटरप्टर लावावे लागतात, माणसं लागतात, वेळ लागतो, म्हणून आमच्याकडं चालत आलेली पद्धत अशी की टीआर पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं बघायचा, ऑन तिमाही घ्यायचं आणि ऑफ वर्षातनं एकदा. कोटिंगचा मोठा सर्व्हे, डीसीव्हीजी किंवा सीआयपीएस, काही वर्षांनी. तर कुणी तुम्हाला सांगितलं की साहेब आमची सगळी रीडिंग १ व्होल्टच्या वर आहेत, की पहिला प्रश्न विचारायचा: ऑन का ऑफ?

सोलापूरची माती यात लई त्रास देते. काळी माती पावसाळ्यात भिजली की तिचा रोध एकदम उतरतो, करंट सहज वाहतो, आणि कमी रोधाची माती म्हणजे जास्त गंजखोर माती हे आमचं पहिलं पाठांतर. १००० ओम-सेंटिमीटरच्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. उन्हाळ्यात तीच माती आकसते, पाइपपासून सुटते, आकसताना कोटिंगला धरून ओढते. पलीकडं शंभर पावलावर मुरूम नाहीतर काळा पाषाण, तिथं रोध एकदम चढा. एकाच लाइनीवर अशी माती बदलत गेली की ओल्या काळ्या मातीतला तुकडा आपोआप बळी जातो. म्हणून इथल्या लाइनीवर मे महिन्याचं रीडिंग आणि ऑगस्टचं रीडिंग सारखं येणं शक्यच नाही. थोडा तरी फरक पडणारच.

यावरनं सांगतो, रजिस्टर कसं वाचायचं. एका दुसऱ्या जिल्ह्यात, नाव नको, मी ऑडिटवाल्यांच्या सोबत मदतीला गेलो होतो. रजिस्टर एकदम टापटीप, प्रत्येक तिमाहीला प्रत्येक टीएलपीला उणे १.१२, उणे १.१४, उणे १.१२. चारी तिमाही. एप्रिलला तेच, ऑगस्टला तेच. खाली टीआरच्या रकान्यात मात्र करंट दोन अँपिअरवरनं अर्ध्यावर आलेला. अरे बाबा, करंट अर्धा झाला आणि पाइपला काहीच कळलं नाही? मग मी टीआर युनिटचं महावितरणचं बिल मागितलं. ते अकाउंट्स विभागात असतं, ऑपरेशनवाल्यांच्या हातात नसतं, त्यामुळं ते सजवलेलं नसतं. त्यात लागोपाठ काही महिने युनिट जवळजवळ शून्य. म्हणजे टीआर बंदच होता, आणि बंद टीआरच्या लाइनीला रीडिंग ठणठणीत. ऑडिटरच्या रिपोर्टात ते आलं, एवढं मी पाहिलं.

म्हणून नव्या पोरांना मी सांगतो की रीडिंगचं रजिस्टर शेवटी उघडायचं. आधी वीजबिल बघा, टीआरचं अवर मीटर बघा, त्या दिवशीच्या गाडीचं लॉगबुक बघा. एका माणसानं एका दिवसात वैराग आणि अक्कलकोट दोन्हीकडचे पॉइंट घेतल्याचं लिहिलं असेल तर त्याला हेलिकॉप्टर दिलं होतं का विचारा.

अजून काही जागा आहेत जिथं रीडिंग चांगलं असून आत घोटाळा असतो. हायवेखालनं लाइन नेताना जुन्या पद्धतीनं स्टीलचं केसिंग टाकलेलं असतं, आतला गॅसचा पाइप आणि बाहेरचं केसिंग कुठंतरी टेकले की करंट केसिंगच पिऊन टाकतं आणि आतला पाइप उपाशी. एनएच ६५ असो नाहीतर विजापूर रोडचा एनएच ५२, असं क्रॉसिंग असेल तर केसिंगचं आणि पाइपाचं रीडिंग वेगवेगळं मागायचं, दोन्ही सारखे आले की शॉर्ट समजायचा. तसंच गॅस स्टेशनच्या तोंडाला करंट पुढं जाऊ नये म्हणून इन्सुलेटिंग जॉइंट असतो, कुणीतरी कुंपणाच्या किंवा अर्थिंगच्या पट्टीनं तो नकळत जोडून टाकतं आणि सगळा करंट स्टेशनच्या अर्थिंगला जातो.

आणि सोलापूरला तिसरी डोकेदुखी म्हणजे वीज. रेल्वेची २५ हजार व्होल्टची एसी तार, आणि वरनं जाणाऱ्या मोठ्या ट्रान्समिशन लाइनी. २०१३ च्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन जोडली आणि दक्षिणेचा ग्रिड देशाच्या ग्रिडला लागला, आठवत असेल. अशा लाइनीला समांतर पाइप गेला की पाइपात एसी व्होल्टेज उतरतं. माणसाच्या हाताला धोका म्हणून १५ व्होल्ट ही मर्यादा सगळे पाळतात, पण गंज त्याच्याही खाली होऊ शकतो, आणि तो डीसीच्या रीडिंगमध्ये दिसत नाही. उणे १.०५ ऑफ, एकदम झकास, आणि कोटिंगच्या रुपयाएवढ्या भोकात एसीनं खड्डा पाडलेला. गंमत अशी की जितकं कोटिंग चांगलं आणि भोक लहान तितका सगळा एसी त्या एका भोकातनं बाहेर पडतो. ऑडिटमध्ये एसी व्होल्टेजचा रकाना बऱ्याच वेळा रिकामा असतो, नाहीतर नुसतं 'ओके' लिहिलेलं. तेवढ्यावर मी कधी सही केली नाही.

आता दंडाचं. कायद्यात दात आहेत. २००६ च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये मंडळाचा आदेश मोडला तर प्रत्येक वेळेला १ कोटीपर्यंत आणि तरी सुधारलं नाही तर रोज १० लाखांपर्यंत दंड करता येतो. त्याशिवाय परवानगी घेताना कंपनीनं परफॉर्मन्स बाँड, म्हणजे काम पुरं करण्याची पैशाची हमी, दिलेला असतो, तो टप्प्याटप्प्यानं वटवता येतो आणि शेवटी परवानगीच काढता येते. कंपनीला पटलं नाही तर ती विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणात, म्हणजे ॲपटेलमध्ये जाते. कागदावर एवढं सगळं आहे. व्यवहारात काय होतं? ऑडिटमध्ये मुद्दा निघतो, कंपनी मुदत मागते, मुदत मिळते, 'अंडर प्रोग्रेस' लिहून येतं, पुन्हा मुदत. दंडापर्यंत गाडी फार क्वचित जाते. माझं मत विचाराल तर मंडळाचा बराच जोर इतकी वर्षं किती घरं जोडली, किती सीएनजी पंप झाले, किती इंच-किलोमीटर (पाइपाचा व्यास गुणिले लांबी) स्टील टाकलं यावर राहिला, कारण परवानगीच्या बोलीतच ते आकडे कबूल केलेले असतात. ते चुकले की बाँडची भाषा लगेच सुरू. टीआर चार महिने बंद राहिला यासाठी कुणी ओरडत नाही, कारण चार महिन्यात काही फुटत नाही. फुटतं ते दहा-पंधरा वर्षांनी, आणि तोपर्यंत त्या वेळचा मॅनेजर तिसऱ्या कंपनीत.

अमेरिकेचं उदाहरण देतो, तिकडं सगळं सोन्याचं आहे म्हणून नाही, पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तिकडं नियम असा आहे की सीपीचं, म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शनचं, रीडिंग प्रत्येक कॅलेंडर वर्षात एकदा, पण दोन रीडिंगमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. ही दुसरी अट कशासाठी, तर नुसतं 'वर्षातनं एकदा' म्हटलं की हुशार माणूस या वर्षी जानेवारीत आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये घेतो आणि तेवीस महिने काढतो. रेक्टिफायर वर्षातनं सहा वेळा, आणि मधे अडीच महिन्यांपेक्षा जास्त नाही. उघड्या पाइपचा हवेतला गंज दर तीन वर्षांनी, कमाल ३९ महिने. नियम लिहिणाऱ्यानं आपल्यासारख्या जुगाडू माणसांना डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलाय बघा. दुसरी गोष्ट, तिथली पाइपलाइनची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था फिमसा कंपन्यांना जी नोटीस काढते, कुठलं कलम, कुठल्या पॉइंटचं रीडिंग, किती दंड सुचवला, ती सगळी वेबसाइटवर टाकते. कुणालाही वाचता येते. पैशाच्या दंडापेक्षा त्याचा धाक जास्त असतो असं मला वाटतं.

आणि रजिस्टर खोटं असलं की काय होतं ते पण तिकडंच दिसलं. ९ सप्टेंबर २०१० ला कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला पीजी अँड ई या कंपनीची गॅस लाइन फुटली, ८ माणसं गेली. तिथलं कारण गंज नव्हतं, जोडाचा दोष होता, पण कंपनीच्या रेकॉर्डमध्ये तो पाइप सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा लिहिलेला होता. जो जोड कागदावर नाहीच त्याची तपासणी कोण करणार? २०१५ मध्ये तिथल्या राज्याच्या कमिशननं १६० कोटी डॉलरचा दंड ठोकला.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं म्हणजे नगरम, आंध्रचा तेव्हाचा पूर्व गोदावरी जिल्हा, २७ जून २०१४ ची पहाट. गेलची १८ इंची लाइन फुटली, वीसच्या वर माणसं गेली. तिथं चौकशीत आलं की लाइन कोरड्या गॅससाठी होती आणि त्यातनं ओला गॅस, पाणी आणि कंडेन्सेट मिसळलेला, जात होता. म्हणजे गंज आतनं. आणि मी वर जे एवढं पुराण सांगितलं, करंट, हाफ सेल, ऑन-ऑफ, ते सगळं पाइपाच्या बाहेरच्या अंगाचं, आतल्या गंजाला त्याचा काडीचा उपयोग नाही. २००० साली न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळ नदीकाठी कॅम्प करून राहिलेली १२ माणसं अशाच आतल्या गंजानं फुटलेल्या लाइनीनं गेली. आतला गंज बघायला लाइनीत पिग, म्हणजे पाइपाच्या आतून जाणारं तपासणीचं यंत्र, फिरवावा लागतो, आणि शहर गॅसच्या छोट्या, वळणावळणाच्या, फाटे फुटलेल्या लाइनीत पिग बहुतेक वेळा फिरतच नाही. पण शहरात येणारा गॅस बराचसा कोरडाच असतो, त्यामुळं आपल्याला आतल्यापेक्षा बाहेरच्या गंजाची काळजी जास्त करायची.

आणि बाहेरच्या गंजाची सुरुवात कुठं होते सांगू? जेसीबीनं. पाइप फुटला तर सगळं गाव गोळा होतं, फायर ब्रिगेड येते, पेपरात येतं. पण बकेटचा दात पाइपावर नुसता घासला, कोटिंग उचकटलं, गॅस काही आला नाही, तर ऑपरेटर काय करतो? इकडं तिकडं बघतो आणि माती लोटतो. बस्स, तिथं उद्याचा खड्डा सुरू झाला. आपल्या गावात रस्ता एकदा झाला की पाण्यावाले खोदतात, मग ड्रेनेजवाले, मग केबलवाले, स्मार्ट सिटीच्या कामात तर आपण सगळ्यांनीच बघितलंय. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलंय, खोदणाऱ्यानं आधी कळवायचं, लाइनवाल्यानं जागा दाखवायची. पण गल्लीतला कॉन्ट्रॅक्टर ॲप उघडून बसेल असं मला तरी वाटत नाही, म्हणून तिथं तुमची नजर कामाला येते. पिवळी वॉर्निंग पट्टी खोदताना वर आली की काम थांबवायला लावा आणि गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावा, ओरखडा दिसला तरी सांगा, गॅसचा वास नसला तरी सांगा. ओरखड्याची दुरुस्ती स्वस्तातली, खड्ड्याची लई महाग.

आता तुम्ही सोसायटीवाल्यांनी काय करायचं. कंपनीला सर्टिफिकेट मागू नका, सर्टिफिकेट सगळ्यांकडं असतं, फ्रेम करून लावलेलं असतं. मागायचं ते असं: मागचं बाहेरच्या एजन्सीचं इंटिग्रिटी ऑडिट कधी झालं, त्यात गंजाविषयी किती मुद्दे निघाले आणि त्यातला प्रत्येक मुद्दा कुठल्या तारखेला बंद झाला. दोष निघाले म्हणून घाबरायचं काही कारण नाही, उलट एकही दोष नसलेला ऑडिट रिपोर्ट दिसला की मलाच घाम फुटतो. बघायचं ते दोष सापडल्याची तारीख आणि दुरुस्तीची तारीख यातलं अंतर. एका पावसाळ्याच्या आत मिटलं का दोन पावसाळे गेले. कंपनी खाजगी असली तर तिला माहिती अधिकार थेट लागत नाही, पण मंडळ सरकारी आहे, त्याच्याकडं माहिती अधिकारात अर्ज करता येतो, आणि मंडळाला कायद्यानं जी माहिती कंपनीकडनं घेता येते ती पण त्यात मागता येते. गुप्त आहे म्हणून काही भाग झाकतील, झाकू द्या, तारखा झाकायला कारण सापडत नाही त्यांना.

कनेक्शन घेताना सोसायटीचा व्हॉल्व्ह कुठं आहे तो वॉचमनला दाखवून ठेवा, त्याच्यावर गाडी लावू देऊ नका. वासाचं पण सांगतो. गॅसला स्वतःला वास नसतो, मुद्दाम घातलेला असतो, आणि हवेत गॅस साधारण १ टक्का असतानाच तो नाकाला कळला पाहिजे असं गणित असतं, पेट घ्यायला ५ टक्के लागतात. म्हणजे वास आला की वेळ हातात असते, ती बटणं चालू-बंद करून घालवू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा, आणि फोन बाहेर जाऊन करा.

शेवटचं राइझरचं, कारण तुमच्या डोळ्यासमोर असणारं लोखंड तेवढंच. आपली हवा कोरडी, कोकणासारखी खारी नाही, त्यामुळं भिंतीवरचा मोकळा जीआय पाइप इथं बरीच वर्षं टिकतो. तो खराब होतो तीनच जागी. एक, क्लॅम्पच्या खाली, जिथं पाणी साठतं आणि ब्रश पोचत नाही. दोन, जिथं पाइप भिंतीत शिरतो तिथं, आत स्लीव्ह नसेल तर सिमेंट आणि ओल सरळ पाइपला लागते. तीन, सगळ्यात खाली जमिनीशी, जिथं फरशी धुतलेलं पाणी येतं. आणि एक चौथी जागा फक्त आपल्याच लोकांनी बनवलेली: बाथरूमच्या मोरीचा पाइप वरनं गळत असतो, वरच्या मजल्यावर संडास-बाथरूमला ॲसिड टाकून घासतात, ते ॲसिड राइझरवर ओघळतं आणि जस्ताचा थर खाऊन टाकतं. राइझरवर वरनं खाली पांढरट ओघळ आणि त्यात तांबूस डाग दिसले की समजायचं हेच आहे.

असं दिसलं तर कंपनीकडं लेखी तक्रार करा, कुठला मजला, कुठली विंग ते कळेल असा फोटो लावा, तक्रार नंबर घ्या. आणि हात जोडून विनंती, तोवर त्यावर रंग मारू नका. दिवाळीच्या रंगकामात पेंटर भिंतीबरोबर राइझरला पण हात मारून टाकतो, वरनं चकचकीत दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन 'कंडिशन गुड' लिहून जातो.